माडीवरची सळई

१८ मे १९५७

आणि वर मलाच ऐकवतो, "मिसेस डॅक, खोलीत असलं काही असेल तर पाहुण्यांना आधी सांगायची पद्धत आहे." सांगायचं काय त्यात? डोळे दिलेत ना देवाने? अंगठ्याएवढी जाड लोखंडी सळई, पुढच्या भिंतीतून निघून मागच्या भिंतीत गेलेली, काळी कुळकुळीत. पण हा लेस्टरचा टॉलिव्हर दाढी करायला खिडकीकडे निघाला आणि कपाळ आपटून बसला. टेंगूळ आलं. त्याच्या बायकोने असा चेहरा केला की जणू मीच हातोडा घातला. दोघं आजच निघून गेले. म्हणे क्रोमरला समुद्राकाठी बरी खोली मिळेल.

पैसे देऊन राहणारे पहिलेच पाहुणे होते माझे. पडदे नवे शिवले होते. म्हाताऱ्याला, म्हणजे माझ्या सासऱ्याला, त्या खोलीतून काढून मागच्या पडवीत झोपवलं ते याच्यासाठी का?

आणि म्हाताऱ्याचंही तेच. सांगितलं होतं की पाहुण्यांचा नाश्ता होईपर्यंत बाहेर थांबा. पण नाही. आला, टेबलाशी बसला, खिशातून घडीचा चाकू काढला आणि सफरचंद अर्धं करून पात्याने खरवडून खरवडून खायला लागला. तोंडात दात नाहीत त्याला मी काय करू? मिसेस टॉलिव्हरने आपली बशी हळूच लांब सरकवली. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

२० मे

हॉरीला सांगितलं, ती सळई काढून टाक. हॉरी म्हणजे माझा नवरा, त्याला एक वाक्य बोलायला शेताचं एक टोक गाठावं लागतं. तो म्हणाला, "राहू दे ती."

"का राहू दे?"

"होती. आहे. राहू दे."

म्हातारा चुलीपाशी बूट काढत होता. म्हणाला, "ती आपली नाही, थर्झा. घराची आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्याच्यावर ओला कोट टांगत होता. घराची कसली, खुंटी आहे ती."

"कोट मी टांगला. सळई कोटासाठी नाही लावली कोणी."

राग आला आहे त्याला, दुसरं काही नाही. खोली गेली ना. पडवीत मी चांगला मोठा खिळा ठोकून दिला आहे कोटासाठी, तर तो खिळ्यावर टांगत नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकतो. मुद्दाम. मागच्या बाजूने घर नुसत्या गारगोट्यांचं, ओबडधोबड, शेतातून वेचलेल्या. पडवी तिकडेच आहे, म्हणून पाहुण्यांना मी त्या अंगाला जाऊच देत नाही. रस्त्यावरून कसं, लाल विटा, पांढऱ्या खिडक्या, कोणी म्हणेल पाद्र्याचं घर आहे. मागे गेलं की कळतं आम्ही कोण ते.

२५ मे

झालं एकदाचं.

हॉरी डुकरं घेऊन बाजाराला गेला. म्हातारा घोड्याच्या पागेत. पागेत आता ट्रॅक्टर असतो, पण तो तिथेच जाऊन बसतो. मी हॉरीची लोखंड कापायची करवत घेतली, खुर्चीवर चढले आणि लागले कामाला. हात भरून आले. करवतीचं पातं गरम झालं की ओल्या फडक्याने पुसत होते. शेवटी शेवटी अर्धं बोट राहिलं असेल, तेवढ्यात बंदुकीसारखा आवाज करून ती आपल्या आपणच तुटली. मी खुर्चीवरून पडता पडता वाचले. आणि गंमत म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांपासून चांगली बोटभर लांब गेली. कापलं मी एका रेषेत, फट पडली बोटाएवढी. मग दुसऱ्यांदा भिंतीलगत कापून मधले तुकडे काढले, तेव्हा मात्र लोण्यासारखी कापली गेली.

खोली केवढी मोठी दिसते आता! भिंतीत उरलेल्या टोकांवर मी कागदाचा तुकडा डकवला आहे, फुलाफुलांचा. कळतही नाही.

२६ मे

हॉरी वर गेला, खाली आला, अंगणात जाऊन घराकडे तोंड करून उभा राहिला. रविवारचं जेवण गार झालं. आत आल्यावर म्हणाला, "बाबांना सांगितलंस?"

"त्यांना कशाला सांगायचं? खोली आता त्यांची नाही."

मग गार झालेली बशी पुढे ओढली. बोलणार नाही हे मला माहीत होतं. म्हाताऱ्याला मात्र न सांगताच कळलं. तुकडे मी लाकडांच्या ढिगामागे टाकले होते, ते त्याने आणून पडवीत कोपऱ्यात उभे करून ठेवले. मी म्हटलं, "हे भंगार कशाला?" तर म्हणतो, "लोहाराला लांबी लागेल." कसला लोहार आणि कसली लांबी. डोकं चळलं म्हाताऱ्याचं.

१५ जून

पाहुणे येतात आता, एकामागून एक. भिंतीवर बाहेरून एस अक्षरासारख्या वळणाची मोठी लोखंडी पट्टी आहे, जिथून ती सळई बाहेर यायची तिथे. ती मी काळ्या चकचकीत रंगाने रंगवली. विटांवर काय शोभते! नॉटिंगहॅमच्या बाईंनी फोटो काढला. म्हणाल्या, "किती जुनं, किती भक्कम." मला फार बरं वाटलं. म्हाताऱ्याला मी त्या वेळी कोंबड्यांकडे पाठवलं होतं.

९ जुलै

ती एस पट्टी वाऱ्याने करकरते. आत्तापर्यंत कधी हलली नव्हती. हॉरीला म्हटलं तेल घाल, तर म्हणतो शिडी तुटली आहे. शिडी कुठे तुटली आहे?

वरच्या खोलीतलं कपाटाचं दार लागत नाही. लाकूड फुगलं असेल. पण पाऊस तर नाही.

३ ऑगस्ट

कोपऱ्यात कागद फाटला आहे, वरपासून खालपर्यंत. मी पीठ कालवून चिकटवला. दोन दिवसांनी पुन्हा फाटला, तिथेच, आणि आता त्यातून वारा येतो. बोट घालून पाहिलं तर बोट आत जातं. आताचे पाहुणे, तरुण जोडपं आहे, ती मुलगी सकाळी म्हणाली, "मिसेस डॅक, आम्हाला पलंगावरून बाहेरचं झाड दिसतं." मी म्हटलं, "खिडकीतून दिसत असेल." ती म्हणाली, "खिडकी दुसरीकडे आहे." मी बेकन जास्त वाढलं.

बाहेरून पाहिलं. विटांची भिंत मधोमध पोटुशी बाईसारखी पुढे आली आहे. आणि तिच्यावर माझी ती एस, वाकडी लोंबते आहे, चकचकीत.

मला शरम वाटते. कोणाला विचारायची सोय नाही.

२२ ऑगस्ट

हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

इस्टेटीचा कारभारी फेल्टन आला, आमचं घर-शेत सगळं इस्टेटीकडून भाड्याने आहे. दरवर्षी मायकेलमसच्या, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणाच्या, करारापूर्वी घरं बघत फिरतो. गाडीतून उतरला तो उतरल्याजागीच उभा राहिला. मग तडक वर गेला, आणि माझा फुलाफुलांचा कागद नखाने काढून टाकला.

"हे कोणी केलं?"

मी कागदाचा तुकडा उचलून मुठीत चुरगळला. हॉरीने टोपी काढली.

"ही पुढची भिंत नुसती शोभेची आहे, मिसेस डॅक. घर खरं मागचं, गारगोट्यांचं. कोणा मालकाला कधीकाळी श्रीमंत दिसायचं होतं म्हणून पुढे विटा चढवल्या. दोघांना एकत्र धरून ठेवायला ती एक सळई होती. आता पहिल्या थंडीत ही भिंत रस्त्यावर झोपेल. इस्टेटीचं घर कापणाऱ्या भाडेकरूला मी मायकेलमसला नवा करार देईन असं वाटतं तुम्हाला?"

तेवीस वर्षं मी या घरात आहे. हॉरी याच खोलीत जन्मला. कुठे जायचं आम्ही? गाईंचं काय? हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि तोंडातून गेलं, "म्हाताऱ्यानं कापली. त्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. आम्हाला नंतर कळलं."

आणि वळून बघते तर म्हातारा जिन्यावर. हातात फेल्टनसाठी चहा, मीच आणायला सांगितला होता. बशीत सांडलेला.

फेल्टनने विचारलं, "एझरा, तू कापलीस?"

म्हाताऱ्याने त्या भिंतीतल्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाला, "हो साहेब. येता-जाता डोक्याला लागायची."

मी भिंतीच्या कागदावरची फुलं बघत राहिले.

२३ ऑगस्ट

तसं बरंच झालं म्हणायचं. म्हाताऱ्याला आता खरंच वाटतंय की त्यानेच कापली. वय झालं, कोणी काही सांगितलं की तेच धरून बसतो. म्हणजे मी अगदीच खोटं बोलले असं नाही.

फेल्टन सांगून गेला, असल्या माणसाला घरात मोकळं ठेवता येणार नाही, आज सळई कापली, उद्या गंजीला काडी लावेल. म्हाताऱ्या माणसांच्या होमच्या कमिटीवर तो आहे, जागा करून देतो म्हणाला. म्हातारा तिकडे गेला की घराची दुरुस्ती इस्टेट करणार आणि करारावर सही होणार.

संध्याकाळी म्हातारा सुट्टीभर इथेच राहिलेल्या त्या तरुण जोडप्याला पागेतल्या सगळ्या घोड्यांची नावं सांगत होता, त्याच्या लहानपणापासूनच्या, कोण कोणाचं शिंगरू ते सुद्धा. एकही नाव चुकलं नाही. ती मुलगी लिहून घेत होती.

२ सप्टेंबर

नेऊन सोडलं.

होम म्हणजे निराधार गरिबांना कोंडायचं जुनं वर्कहाऊसच. पाटी बदलली आहे, भिंती त्याच. म्हाताऱ्याच्या आईची बहीण तिथे मेली, तिचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. गाडीत तो पुढे बसला, कोट मांडीवर. एवढंच बोलला, "लोहाराला सांग, सळई लाल तापवल्याशिवाय नट आवळू नको."

हॉरी उतरला नाही. मीच आत घेऊन गेले. मेट्रनबाईंनी विचारलं, "हेच ना ते, करवतवाले?"

मी हो म्हटलं.

६ सप्टेंबर

इस्टेटीची माणसं आली, लोहार घेऊन. खरंच त्याने लांबी विचारली. हॉरीने पडवीतले ते तुकडे काढून दिले, त्यांना जोडून मापलं. नवी सळई दोन्ही भिंतींतून घातली, मधोमध निखाऱ्यांच्या शेगड्या लटकवून लाल होईपर्यंत तापवली, आणि बाहेरून नट आवळले. मग सगळे पाइप ओढत बसले. मी विचारलं, "आता काय?" लोहार म्हणाला, "आता काही नाही, बाई. आता ती गार होईल आणि घराला ओढून घेईल."

आणि घेतलं तिने. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना कण्हतं तसं घर कण्हलं. कोपऱ्यातली फट डोळ्यांदेखत बारीक झाली. सगळी मिटली नाही. मिटणार नाही म्हणाले.

मी खाली जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

१५ सप्टेंबर

आज होमला गेले. पिठाचे उकडलेले डंपलिंग नेले होते आणि आपल्या झाडाची सफरचंदं, पहिली.

म्हातारा बाहेर बाकावर, एवढं ऊन असून कोट अंगात. मी म्हटलं, "कोट कशाला घातलाय?"

"इथे खुंट्यांवर नंबर आहेत. माझा अजून लागायचाय."

मी सफरचंद हातात दिलं. त्याने ते फिरवलं, वास घेतला आणि खिशात टाकलं. मी म्हटलं, "खा की." दुसरं दिलं, तेही खिशात. मला कळेना. मग शेजारचा एक माणूस, एका डोळ्याचा, हसून म्हणाला, "कसं खाणार तो? चाकू काढून घेतला त्याचा. आमच्यात तोच एक धोक्याचा. माझ्याकडे वस्तरा सुद्धा आहे!"

म्हाताऱ्याने त्याला म्हटलं, "तू गप रे, पर्किन." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, "सही झाली का?"

"कसली?"

"हॉरीच्या कराराची. झाली ना?"

"मायकेलमसला होणार."

"मग तोवर इथे फार येऊ नकोस. फेल्टन येत असतो. तू आलीस की तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

मी उठले तेव्हा तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. तिथे दाराच्या चौकटीला आडवी पट्टी आहे, माझ्या कपाळाएवढी उंच. मी वाकून गेले. तो तसाच गेला, टोपीसकट, वर वीतभर जागा ठेवून. इतका वाकला आहे तो. माडीवरची सळई त्याच्या डोक्याला लागेलच कशी? गेल्या कित्येक वर्षांत लागली नसेल. हे फेल्टनला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मला बघायचंच नव्हतं.

बसमध्ये एक बाई विचारत होती, बरं नाही का. मी म्हटलं, तुमचं काम करा.

१६ सप्टेंबर

दूध काढताना हॉरीला विचारलं, "तुला माहीत होतं ना, बाबांना सगळं कळत होतं ते?"

तो गाईच्या कुशीत डोकं खुपसून म्हणाला, "बाबांच्या हातात चहा राहत नाही, थर्झा. करवत कुठली."

"मग बोलला का नाहीस?"

बादलीत धार पडत राहिली.

"आधी वाटलं, तू बोलशील. मग बाबाच बोलले. मग मी हिशेब केला की बोललो तर घर जातं, नाही बोललो तर बाप जातो." धार थांबली. "गाडीतून उतरलो नाही मी. बघितलंस ना? बापाला आत सोडायला उतरलोसुद्धा नाही."

तेवीस वर्षांत एवढं कधी बोलला नव्हता. मी दुसरी बादली पुढे केली.

१८ सप्टेंबर

फेल्टनच्या कचेरीत गेले. चर्चला जायचा कोट घातला होता. बसा म्हणाला, बसले नाही.

"सळई मी कापली. म्हाताऱ्याने नाही. खुर्चीवर उभी राहून कापली, कारण एका पाहुण्याला टेंगूळ आलं होतं. म्हातारा नको म्हणत होता. तुम्हाला मी खोटं सांगितलं आणि त्याने माझ्यासाठी ते खरं केलं."

फेल्टनने चष्मा काढला, पुसला. "तुम्हाला कळतंय ना, मिसेस डॅक, कराराच्या दहा-बारा दिवस आधी तुम्ही हे मला सांगताय?"

"कळतंय. आणखी एक, मेट्रनला चिठ्ठी लिहा की त्याचा चाकू परत द्या. आत्ता लिहा, मी नेते."

"तुम्ही माझ्याकडे मागणं मागताय?"

"हो."

वाटलं, आता हाकलून देईल. त्याने चिठ्ठी लिहिली. मग म्हणाला, तुमच्या शब्दावर आता माझा विश्वास राहिलेला नाही, करार एक वर्षाचाच देईन, पुढचं पुढच्या मायकेलमसला बघू. आणि पाहुणे बंद. दारातून निघताना म्हणाला, "पत्नीला सांगत होतो मी, गरीब बिचारी मिसेस डॅक, घरात वेडा म्हातारा सांभाळते." कानशिलं तापली माझी. अजून गार झालेली नाहीत.

२२ सप्टेंबर

पडदे काढले. म्हाताऱ्याचा पलंग पुन्हा माडीवर लावला, सळईखाली, पूर्वी होता तसाच. हॉरीने मदत केली. मग होमला गेले.

चाकू त्याला मिळाला होता. बाकावर बसून अर्धं सफरचंद खरवडत होता, हनुवटीवरून रस ओघळत होता. मी शेजारी बसले. या वेळी कोण बघतंय ते मी बघितलं नाही.

"सांगितलंस तू त्याला," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलंच.

"हो."

"मूर्ख बाई. मग मी कशासाठी आलो इथे?"

"करार ठरला. एक वर्षाचा."

"एक वर्षाचा!" त्याने चाकू कोटाला पुसला. "माझ्या बापाला एकवीस वर्षांचा होता."

"तुमच्या बापाची सून सळया कापत नव्हती."

त्याचं तोंड हललं. हसला की सफरचंद चावलं, मला कळलं नाही. मग पुन्हा खरवडायला लागला.

मी म्हटलं, "चला घरी." त्याने पात्याने बी काढून टाकली. "खोली रिकामी आहे." त्याने चाकू मिटला. "पाहुणे यायचे नाहीत." तो पर्किनकडे बघत राहिला. मला माफी मागता येत नाही. आईने शिकवली नाही, शाळेत मी फार गेले नाही. बस यायची वेळ झाली. शेवटी मी उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

"हे बघा बाबा. सळई नवी आहे, उंची तीच ठेवली आहे. तुमचा कोट तिच्यावर टांगायचा की इथे नंबरच्या खुंटीवर, ते तुम्ही ठरवा. शनिवारी हॉरी बाजारातून येताना इथे गाडी थांबवेल. या खेपेला तो खाली उतरेल आणि आत येईल, मी बघते कसा येत नाही ते. तोवर ठरवा. आणि त्याच्यापाशी नुसती मान हलवलेली मला चालणार नाही. हो की नाही, ते शनिवारी तोंडाने सांगायचं."